'थेआ' : एका जर्मन स्त्रीनामाची व्युत्पत्ती आणि त्याचा मराठी संदर्भ

प्रस्तावना :
व्यक्तिनामे ही सामाजिक इतिहासाची दुर्लक्षित साधने होत. 'मेट्रोपोलिस' (1927) या चित्रपटाच्या लेखिका थेआ फॉन हार्बौ (1888-1954) यांचा 1930 च्या दशकात बेळगावजवळील बेळगुंदीचे पत्रकार अयी गणपत तेंडुलकर यांच्याशी विवाह झाला. त्यामुळे 'थेआ' हे नाव मराठी अभ्यासकांच्याही कक्षेत येते.

व्युत्पत्ती व अर्थ :
ग्रीक भाषेत 'थेआ' म्हणजे देवी. त्यामुळे या नावाचा तोच अर्थ सांगण्याचा मोह होतो. तथापि जर्मन भाषेत ते मुख्यतः 'डोरोथेआ' या नावाचे लघुरूप आहे. 'डोरोन' म्हणजे दान व 'थेओस' म्हणजे देव; अर्थात 'देवाने दिलेली'. संस्कृत 'देवदत्ता' हा त्याचा समानार्थी शब्द होय. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'डोरोन' व 'दान' हे शब्द एकाच मूळ धातूचे आहेत. परंतु 'थेओस' व 'देव' यांचे साम्य केवळ ध्वनीचे आहे. 'देव' शब्दाचा खरा सगोत्र शब्द लॅटिन 'देउस' हा आहे. संत डोरोथेआमुळे हे नाव ख्रिस्ती युरोपात रूढ झाले, तर गटेच्या 'हेरमान उंड डोरोथेआ' (1797) या काव्याने त्यास साहित्यिक प्रतिष्ठा दिली. जर्मन उच्चारात 'थ' नसल्याने ते 'तेआ' असे ऐकू येते.

नाव आणि विवाह :
मराठी समाजात विवाहप्रसंगी ताटातील तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा आहे. थेआ यांचे विवाह रुडॉल्फ क्लाइन-रोग्गे, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग आणि तेंडुलकर असे तीन झाले. तरीही लेखिका म्हणून त्यांचे जन्मनावच टिकले. तेंडुलकरांशी झालेला विवाह नाझी राजवटीत गुप्त ठेवावा लागला. त्याच राजवटीत त्या चित्रपटलेखन करीत राहिल्या व नाझी पक्षाच्या सदस्यही झाल्या. वंशशुद्धीचा पुरस्कार करणारा पक्ष आणि भारतीय पती, ही विसंगती त्यांच्या चरित्रात अखेरपर्यंत राहते.

निष्कर्ष :
नावाचा अर्थ ठेवणाऱ्याची इच्छा सांगतो, धारण करणाऱ्याचे चरित्र नव्हे. व्युत्पत्ती ध्वनिसाम्यावर आणि चरित्र नामार्थावर उभारू नये, हाच या नावाचा अभ्यासकास बोध आहे.