भिंग, पेटी आणि मधलें कडें

श्रोतेहो, छायाचित्रणाचा छंद ज्याला एकदां लागला त्याच्या मनांत एक प्रश्न कायमचा घर करून राहतो. हातीं थोडी शिल्लक पडली, तर ती नव्या भिंगावर खर्चावी कीं नव्या कॅमेऱ्यावर? धंदेवाईक छायाचित्रकाराचा हा प्रश्न जमाखर्चाच्या वहींत सुटतो. हौशी माणसाला मात्र तो घरच्या गरजा भागवून उरलेल्या पैशांत सोडवावा लागतो. म्हणून निवड चुकली तर त्याचें नुकसान फार होतें. हा प्रश्न आजचा वाटला तरी तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे, आणि त्याचें उत्तर काळाप्रमाणें बदलत आलें आहे. तें कां बदललें, तेंच आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कॅमेरा म्हणजे मुळांत दोन वस्तूंचा संसार : एक भिंग आणि दुसरी काळोखी पेटी. १८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेर यांची कृति जाहीर झाली, तेव्हां त्यांच्या कॅमेऱ्याला शेव्हालिए यांनीं घडविलेलें भिंग असे. तें इतकें मंद होतें कीं, लख्ख उन्हांतहि चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झव्हाल यांनीं केवळ गणिताच्या बळावर एक नवें भिंग योजलें. त्यांतील किचकट आकडेमोडीसाठीं त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यांतील गणित जाणणाऱ्या सैनिकांची मदत मिळाली होती. फोइक्टलेंडर यांच्या कारखान्यानें तें भिंग घडविलें. जुन्या भिंगाच्या मानानें त्यांतून पंधरा ते वीस पट प्रकाश आंत येई. त्याच्या जोडीला रसायनेंहि सुधारलीं, आणि मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. छायाचित्रणाच्या साधनांतील पहिली मोठी सुधारणा अशी भिंगाची होती. पेटीचें महत्त्व तिच्यापुढें फारसें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकांत बहुतेक हीच स्थिति राहिली. पेटी म्हणजे लांकूड आणि चामड्याचा भाता. चांगला सुतार ती करूं शके. भिंग मात्र लंडनच्या रॉस किंवा डॅलमायर यांसारख्या नामांकित कारागिरांकडून यावें लागे. तें एका लांकडी फळीवर बसविलेलें असे, आणि फळी काढून दुसरी लावली कीं भिंग बदललें. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक. त्या पिढीच्या हौशी माणसाला पेटी बदलण्याचें फारसें कारण नसे. चित्राचा कस ठरे तो भिंगावर, आणि कांचेवर वा कागदावर स्वतःच्या हातानें चढविलेल्या रसायनावर.

१८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांनीं कोडॅक नांवाचा कॅमेरा विक्रीस आणला आणि या संसाराचें स्वरूपच पालटलें. किंमत २५ डॉलर, आंत १०० चित्रांची फिल्म भरलेली, आणि भिंग कायमचें जखडलेलें. फिल्म संपली कीं ग्राहकानें अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथें चित्रें तयार होत, आणि १० डॉलरांत नवी फिल्म भरून तो परत मिळे. १९०० सालचा ब्राउनी तर एका डॉलरला मिळूं लागला. यामुळें छायाचित्रण लाखों घरांत पोंचलें, हें ईस्टमन यांचें मोठेंच कार्य. परंतु या डबीवजा कॅमेऱ्याच्या मालकाला सुधारणेचा एकच मार्ग उरला होता : जुना टाकावयाचा आणि नवा घ्यावयाचा. भिंग आणि पेटी यांतून निवड करण्याचा अधिकार त्याच्या हातून गेला होता.

तो अधिकार परत मिळवून दिला जर्मनींतील वेत्झलार गांवच्या एका यंत्रज्ञानें. त्याचें नांव ऑस्कर बारनाक. सूक्ष्मदर्शक यंत्रें बनविणाऱ्या लाइट्झ कारखान्यांत तो नोकरीस होता, आणि स्वतः छायाचित्रणाचा हौशी होता. सिनेमाच्या फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरचें चित्र घेणारा खिशांत मावेल असा कॅमेरा त्यानें योजला. तोच १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत मांडलेला लायका. आरंभीं त्याचें भिंग पक्कें बसविलेलें होतें. १९३० सालीं तें आटे फिरवून काढतां येऊं लागलें. परंतु भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक पेटींत किंचित् निराळें भरे. म्हणून भिंग ज्या पेटीसाठीं घ्यावयाचें तिच्याशींच तें कारखान्यांत जुळवून घ्यावें लागे. १९३१ सालीं लाइट्झनें हें अंतर सर्व पेट्यांत एकच ठरविलें : २८.८ मिलिमीटर. त्या दिवसापासून कोणतेंहि लायका-भिंग कोणत्याहि लायका-पेटीवर चालूं लागलें. हौशी माणसाला भिंगें एकएक करून जमवितां येऊं लागलीं, आणि पेटी बदलली तरी तीं टाकावीं लागेनात. इतकेंच नव्हे, तर जुनी पेटी वेत्झलारला पाठविली असतां, १९३२ सालच्या नमुन्याप्रमाणें अंतरमापक बसवून ती परत करण्याची सोयहि कारखान्यानें ठेविली होती.

याच सुमारास कांचेंतहि एक क्रांति घडली. हवेला लागून असलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेंकडा चार-पांच प्रकाश परत फिरतो. भिंगांत असे पृष्ठभाग जितके अधिक, तितका हा तोटा अधिक. शिवाय परत फिरलेला प्रकाश आंतल्या आंत घोटाळून चित्र धुरकट करतो. म्हणूनच झाइस कारखान्याच्या पॉल रुडोल्फ यांनीं १८९६ सालीं योजलेलें सहा कांचांचें प्लानार भिंग सरस असूनहि मागें पडलें, आणि १९०२ सालचें चार कांचांचें टेसार सर्वत्र पसरलें. इंग्रज भिंगकार डेनिस टेलर यांनीं एक चमत्कार हेरला होता. जुन्या भिंगावर कालांतरानें जी झांक धरते, तिनें प्रकाश अडत नाहीं. उलट थोडा अधिकच आंत जातो. १९३५ सालीं झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनीं असा पातळ लेप निर्वात पात्रांत मुद्दाम चढविण्याची युक्ति सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा लेप सर्रास झाला आणि प्लानारच्या वंशांतील तेजस्वी भिंगें पुन्हां पुढें आलीं. पेटी तीच ठेवून नुसतें भिंग बदललें तरी चित्र उजळ होई, असा तो काळ होता.

त्याचें एक नामांकित उदाहरण १९५० सालचें आहे. अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन हे तेव्हां जपानांत होते. तेथें निप्पॉन कोगाकू कारखान्याचीं निकोर भिंगें त्यांच्या पाहण्यांत आलीं. तीं त्यांनीं आपल्या लायकांवर चढविलीं आणि तोच सरंजाम घेऊन ते कोरियाच्या युद्धावर गेले. पेटी जर्मन आणि भिंग जपानी, अशी ही जोडी जमली ती मधल्या आट्यांचें माप एक होतें म्हणून. जपानी भिंगांची कीर्ति जगभर पसरण्यास ही घटना पुष्कळ अंशीं कारण झाली.

आतां या इतिहासांतील दोन बारीक आंकडे लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. १९५४ सालीं लाइट्झनें आटे सोडून खटक्यानें बसणारें नवें कडें आणलें. त्या वेळीं जुन्या भिंगांचें काय होणार, ही धास्ती साहजिक होती. परंतु कारखान्यानें नव्या पेटींतील अंतर २७.८ मिलिमीटर धरलें, म्हणजे जुन्यापेक्षां बरोबर एक मिलिमीटर कमी. त्या एका मिलिमीटरांत एक पातळ कडें बसलें, आणि सगळीं जुनीं भिंगें नव्या पेटीवर चालूं लागलीं. १९५९ सालीं निप्पॉन कोगाकूनें आरशाचा निकॉन एफ हा कॅमेरा काढला. आरसा हलावयास जागा हवी, म्हणून त्यांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. पुढें साठ वर्षांहून अधिक काळ त्याच मापाचे कॅमेरे निघत राहिले. मध्यंतरीं आंतील जोडण्या बदलल्या आणि जुन्या भिंगांना कांहीं सोयी मुकाव्या लागल्या, हें खरें. परंतु कड्याचें माप कारखान्यानें सोडलें नाहीं.

याच्या उलट गोष्ट कॅनन कारखान्याची. १९८५ सालीं मिनोल्टानें आपोआप नेम साधणारा कॅमेरा आणला आणि सगळा बाजार हालला. १९८७ सालीं कॅनननें आपलें १९७१ पासूनचें कडें मोडींत काढून सर्वस्वीं नवें, विजेच्या जोडणीचें कडें स्वीकारलें. जुन्या कॅमेऱ्यांत अंतर ४२ मिलिमीटर होतें, नव्यांत तें ४४ झालें. पेटी पातळ झाली तर मधली जागा कड्यानें भरून काढतां येते. ती जाड झाली तर दोन मिलिमीटर कापून कोठून आणणार? ज्यांनीं वर्षानुवर्षें पैसा साठवून भिंगें जमविलीं होतीं, त्यांच्या संग्रहापुढें नव्या कॅमेऱ्यांची वाट एकाएकीं बंद झाली. त्यांचा संताप रास्तच होता. तथापि कारखान्याची दृष्टि लांबची होती, हेंहि कबूल केलें पाहिजे. ५४ मिलिमीटर रुंदीच्या त्या मोकळ्या कड्यामुळें आणि प्रत्येक भिंगांत स्वतंत्र मोटर बसविल्यामुळें त्याच पद्धतीनें पुढें तीस वर्षें बाजी मारली. एकाच निर्णयानें उद्यांच्या ग्राहकाचें हित झालें आणि कालच्या ग्राहकाचें नुकसान.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कित्येक वर्षें कडक निर्बंध होते. सामान्य मराठी घरांत आला तो आगफाचा क्लिक ३, एका फिल्मवर १२ चित्रें देणारा आणि भिंग पक्कें असणारा. ज्याला याच्या पुढें जावयाचें होतें त्यानें परदेशीं असलेल्या नातलगाकडे शब्द टाकावा, किंवा मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणीं जुना माल धुंडाळावा. अशा वेळीं ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचें कडें फार उपयोगी पडे. कारण पूर्व जर्मनीचा प्राक्टिका, रशियाचा झेनिट आणि जपानचा जुना पेंटॅक्स या तिन्हींनीं तेंच वापरलें होतें. एका देशाचें भिंग दुसऱ्या देशाच्या पेटीवर बसे, आणि टंचाईंतहि छंद चालूं राही.

यानंतर डिजिटल युग आलें आणि जुन्या हिशेबाची उलथापालथ झाली. फिल्मच्या काळांत चित्र उमटे तें फिल्मवर, आणि फिल्म तर दर वेळीं नवी. १९३६ सालीं ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठीं कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली, तेव्हां जुन्या लायकाच्या मालकालाहि तत्काळ रंग मिळाले. त्यासाठीं त्याला नवी पेटी घ्यावी लागली नाहीं. डिजिटल कॅमेऱ्यांत मात्र प्रकाश टिपणारा सेन्सर पेटींतच कायमचा बसविलेला असतो. सेन्सर मागें पडला कीं पेटी मागें पडली. १९९९ सालच्या निकॉन डी १ मध्यें सुमारें २७ लाख बिंदू होते. २०१२ सालच्या डी ८०० मध्यें ते ३ कोटी ६० लाख झाले. पूर्वीं जी पेटी बाप मुलाला देई, ती आतां दहा वर्षांत म्हातारी होऊं लागली. कारखान्यांना हें सोयीचें होतें, ग्राहकाच्या खिशाला तें जड गेलें.

पण इतिहासानें आणखी एक वळण घेतलें. २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे निघूं लागले. आरसा गेला तशी त्याची जागाहि मोकळी झाली, आणि अंतर एकदम कमी झालें. सोनीच्या कॅमेऱ्यांत तें १८ मिलिमीटर. २०१८ सालच्या नव्या कड्यांत निकॉननें १६ आणि कॅनननें २० मिलिमीटर ठेविलें. यामुळें मध्यें भरपूर जागा मिळाली. साधें धातूचें कडें घालून लायकाचीं १९३१ नंतरचीं भिंगें आजच्या पेटीवर बसतात. १९८७ सालीं निराधार झालेलीं कॅननचीं भिंगेंहि अशींच पुन्हां कामाला लागलीं. नेम हातानें साधावा लागतो, छिद्र हातानें फिरवावें लागतें. परंतु कांच अजून आपलें काम चोख करते.

तर श्रोतेहो, शिल्लक हातीं असलेल्या हौशी माणसाला हा इतिहास काय सांगतो? प्रथम कडें पाहावें. कारण भिंग घेतांना आपण नकळत एका कारखान्याच्या वचनावर पैसे लावीत असतों. चांगलें भिंग तीन पेट्यांना पुरून उरतें, म्हणून पैसा आधीं कांचेंत घालावा. पेटी बदलावी ती आपल्याला काढावयाचें चित्र तिच्यामुळें अडतें अशी खात्री पटल्यावरच. जाहिरातींत नवा आंकडा दिसला एवढ्यासाठीं नव्हे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं बहुतेक आयुष्य लायका आणि ५० मिलिमीटरचें एक भिंग यांवर काढलें. त्यांच्यासारखी दृष्टि सर्वांना लाभत नाहीं. परंतु एकच भिंग वर्षभर डोळ्याशीं धरून त्याचे गुण आणि मर्यादा ओळखणें हें कोणासहि साध्य आहे, आणि त्याला खर्च पडत नाहीं. ती ओळख झाली म्हणजे पुढची खरेदी कशाची करावी, हें दुकानदाराला विचारण्याची गरज उरत नाहीं.