खोगिराच्या पोटातली भरती

एखाद्याला ‘खोगीरभरती’ म्हटलं की तो नुसता जागा अडवायला आणलेला, असं मराठी माणूस समजून चालतो. पु. ल. देशपांड्यांनी आपल्या विनोदी लेखांच्या पुस्तकाचं नावच ‘खोगीरभरती’ ठेवलं. ज्याने आयुष्यभर खोगिरं शिवली त्याला मात्र हा शब्द निंदेचा वाटला नसता. घोड्याची पाठ आणि स्वाराची मांड, दोन्ही त्या कोंबलेल्या लोकर-चिंध्यांच्या भरवशावर असत.

जीन आणि खोगीर हे शब्द आज सरसकट एकाच अर्थाने येतात. पण जीन म्हटलं की सहसा लाकडी सांगाड्यावर कातडं चढवलेलं डोळ्यांसमोर येतं, आणि खोगीर म्हणजे नमद्याची किंवा जाड कापडाची, आत भर घालून टाचलेली गादी. सांगाडा एका पाठीच्या मापाचा. उंच अरबी घोड्यावर नीट बसलेलं जीन भीमा आणि माणेच्या खोऱ्यातल्या ठेंगण्या तट्टावर टाकलं, तर मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर ते एक तर चेपतं, नाही तर डुलतं. पाठीचा कणा मोकळा राहिला पाहिजे, वजन कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसावर पडलं पाहिजे आणि खोगीर शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. घोडं कुठल्याही मुलखातलं असो, हे सुटत नाही. गादीचा फायदा एवढाच, की ती उसवता येते. जिथे टोचतं तिथली भर काढायची, जिथे पोकळ आहे तिथे घालायची, पुन्हा टाचायचं.

ही सोय किती मोलाची, ते मराठी फौजेचं वर्ष पाहिलं की कळतं. शिवछत्रपतींच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत लिहून ठेवलंय, की पावसाळ्यात लष्कर छावणीला येई आणि दसऱ्याला बाहेर पडे. चार महिने दाणावैरण खाऊन दसऱ्याला घोडं अंगाने भरलेलं असे. मग मुलूखगिरी, उन्हं, दिवसभराच्या मजला. चैत्र-वैशाखात त्याच घोड्याच्या बरगड्या मोजाव्यात. दसऱ्याला चपखल बसलेलं खोगीर तेव्हा कण्यावर टेकू लागतं. घोडं तेच, खोगीर तेच, स्वारही तोच. बदललेली असते ती पाठ. पाठ सोलली की घोडा कितीही जातिवंत असो, तो मोजणीपुरता उरतो.

सभासद आणखी एक हिशेब देतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाण्याची आणि खुरांची तजवीज अशी कागदावर होती. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. आज हा बसेल, उद्या दुसरा. त्यामुळे खोगीर घोड्याच्या मापाचं, आणि स्वाराने आपली मांड त्यात जमवून घ्यायची. शिलेदाराचं तसं नव्हतं. घोडा त्याचा, हत्यार त्याचं, खोगीरही त्याचंच. घोडा निकामी झाला तर शिलेदाराचा बारगीर होण्याची पाळी. तो तंग किती काळजीने आवळत असेल, हे सांगायला बखर लागत नाही.

सातारा-सांगलीकडे घोड्यांची ही जाण घरोघर होती. सरनोबत प्रतापराव गुजर खटाव तालुक्यातल्या भोसरे गावचे, त्यांच्यामागून सरनोबत झालेले हंबीरराव मोहिते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे. पुढे तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवरच्या मोहिमेत घोडदळ घेऊन धारवाडवरून श्रीरंगपट्टणपर्यंत गेले. इतक्या लांबच्या स्वारीत खोगीर किती वेळा उसवून भरावं लागलं असेल, याचा अंदाज करावा. इंग्रजांनी तर शिलेदारी पद्धत नावासकट उचलली. त्यांच्या हिंदी घोडदळात ‘सिल्लदार’ रेजिमेंटं पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. खोगिराखालच्या गादीला इंग्रज स्वार आजही ‘नम्ना’ म्हणतो, तो आपला नमदाच.

खोगिराचं माप मात्र निम्मंच घोड्याचं. उरलेलं निम्मं स्वाराचं. बैठक तोकडी असली की माणूस पुढे सरकतो, लांब असली की मागे घसरतो, आणि दोन्ही वेळा भोगतो घोडा. रिकिबीची लांबी पाहायची युक्ती जुनी आहे: पट्टा जिथून लोंबतो तिथे बोटांची टोकं टेकवायची आणि रिकीब काखेपर्यंत पोचते का बघायचं. खोगीर बसलं की नाही ते घोडाच सांगतो. रपेटीनंतर खोगीर उचलावं; घामाचा ओलावा दोन्ही बाजूंना सारखा हवा. ओल्या पाठीत मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. जुनी जखम बरी झाली तरी तिथे पुष्कळदा पांढरे केस उगवतात. म्हणून घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक दातांइतकीच पाठ न्याहाळतो.

जीन करणारे ते जीनगर. संस्थानं खालसा झाली, पागा ओस पडल्या, तसे अनेक जीनगर पुस्तकबांधणी, चित्रकाम, धातुकाम असल्या कसबांकडे वळले. कातडं, सुई, खळ हाताखालचीच होती. फक्त घोडा गेला.

अगदी गेला असंही नाही. माण, फलटण भागातले धनगर मेंढरं घेऊन निघतात तेव्हा बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असतं. तिथे जीन नसतं. घोंगड्यांच्या घड्या, त्यावर वाकळ, त्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. दोन्ही बाजूंचं ओझं हाताने तोलून पाहिल्याशिवाय बाई दोर आवळत नाही. याच तट्टांची भीमथडी ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे देशी जात म्हणून नोंदवली.

आणि पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचं वेण्णा सरोवर. इथला घोडा बारगिरीचाच. दर फेरीला स्वार नवा. आधी सहा वर्षांची मुलगी, मग तिचा भारदस्त मामा. घोडेवाला पोरगा पट्टा चार भोकं खाली सोडतो, खोगिराखाली हात घालून पाठ चाचपतो, सरकलेल्या गोधडीची घडी सारखी करतो आणि मामांना म्हणतो, “साहेब, मधोमध बसा.”