पट्टीवरचे खिळे
आमचे शास्त्रांचे कपाट सासऱ्यांनी १९५७ साली घरीच केले. प्लायच्या कडेला सागाची पट्टी आहे. उघडी कड ओल शोषते आणि थर सुटतात. पण पट्टीवर दोन-दोन बोटांवर खिळे का? तेव्हा सुतार सरस वापरत, जनावरांची कातडी-हाडे उकळून केलेला. सासूबाई सांगायच्या, "जिनवाणीच्या कपाटाला तो नको म्हटलं, नुसते खिळे मारा." १९५९ मध्ये फेव्हिकॉल आले, कृत्रिम राळेचा पांढरा गोंद, सरस हळूहळू मागे पडला. परवा नातवाने नव्या फळीची पट्टी याच गोंदाने चिकटवली, रात्रभर दाबून ठेवली, सकाळी पॉलिश पेपरने घासली. जुने खिळे मात्र मी काढू दिले नाहीत.