व्हीजेला जायचं तर भायखळ्याला उतरा

तिकीट माटुंग्याचं काढलं असेल तरी चालेल, पण उतरायचं भायखळ्याला. पूर्वेकडे बाहेर पडून राणीच्या बागेच्या दिशेने चालू लागा. बागेच्या जवळच रेल्वेचं मोठं रुग्णालय लागतं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं. फाटकाशी थांबून जरा वर बघा. दवाखाना म्हणून कुणी अशी गॉथिक इमारत बांधत नाही. ही 1871 साली एल्फिन्स्टन कॉलेजसाठी बांधलेली. गोपाळ कृष्ण गोखले 1884 साली इथूनच बी. ए. झाले. कॉलेज पुढे फोर्टात गेलं आणि वास्तू दुसऱ्याच विद्येच्या हाती आली. त्या विद्येसाठी आपण आलोय.

आता साल बदलायचं. 1895 बरं पडेल. प्लेग यायला अजून वर्ष आहे. मोबाइल पिशवीत टाका आणि डोक्यावर काहीतरी घाला, टोपी, पगडी, फेटा, जे असेल ते. उघड्या डोक्याने हिंडलात तर घरात कोण गेलं म्हणून लोक चौकशी करतील.

पहिल्यांदा कळतो तो वास. दगडी कोळशाचा धूर आणि ट्रामच्या घोड्यांची लीद. परळच्या बाजूला नजर टाकलीत तर आभाळात धुराडीच धुराडी. 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला, त्याला चाळीसच वर्षं झालीत. रस्त्याने चाललेली माणसं रत्नागिरीची, सावंतवाडीची, साताऱ्याची. यंत्रं आली लँकेशायरहून, आणि त्यांच्याबरोबर तिथलेच स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर, इंजिनिअरही आले. साचा चालवायचा कोकणातल्या माणसाने. तो बिघडला तर कुठे बिघडला हे सांगायचं साहेबाने, आणि पगारातला फरकही त्याच हिशेबाने.

फाटकातून आत चला, कुणी अडवणार नाही. या संस्थेचं नाव व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच व्हीजे. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या 1887 साली ती निघाली. लॉर्ड रिपनच्या सन्मानार्थ काढलेली कापडविद्येची शाळाही हिच्यातच. जागेसाठी पुढे झाले ते गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट, कारभारात नवरोसजी वाडिया. गिरणीमालक शिक्षणाला पैसा देतात तेव्हा त्यात धर्मादाय किती आणि धंदा किती, हे मोजत बसू नये. इथलाच मुलगा मास्तर झाला तर साहेबाच्या जहाजभाड्यासकट बरंच काही वाचत होतं. त्या स्वार्थातून निघालेली शाळा आजवर टिकली, एवढं खरं.

ड्रॉइंगच्या वर्गाच्या दाराशी थांबा. पंचविशीतला एक मराठी शिक्षक फळ्यावर यंत्राचा छेद काढतोय. हे लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावकडून चित्रकार व्हायला मुंबईत आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की काही रंगच त्यांना नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटला, रेघ राहिली. यंत्राच्या आराखड्याला रेघच लागते, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि इथे शिकवू लागले. दुसरा उद्योगही चालू आहे. मुंबईत सायकली घेऊन ते बेळगावला भावाकडे, रामुअण्णांकडे, पाठवतात. तिथे रामुअण्णा त्या विकतात आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवतात.

त्यांना काही सांगायचा मोह आवरा. आणखी थोड्या वर्षांनी, 1897 च्या सुमारास, त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनाला मिळेल. ते नोकरी सोडून बेळगाव गाठतील. पुढे लोखंडी नांगर, 1910 साली किर्लोस्करवाडी. सांगितलंत तर कदाचित थांबतील, आणि महाराष्ट्र एका चांगल्या ड्रॉइंग मास्तरावर भागवेल. मला विचाराल तर या संस्थेचा खरा प्रश्न त्याच वर्गात मांडला गेला. यंत्र इथल्या माणसाला शिकवायचं इथवर सगळे तयार होते. शिकल्यावर खुर्ची कुणाची, हे मात्र आधी कुणी ठरवलंच नव्हतं.

पुढची उडी 1923 वर. मधली वर्षं वाईट आहेत. 1896 चा प्लेग, ओस पडलेल्या चाळी, आणि जवळच ग्रँट मेडिकल कॉलेजात 10 जानेवारी 1897 ला स्वतःलाच प्लेगची लस टोचून घेणारे शास्त्रज्ञ हाफकिन. प्लेगनंतर शहर मोकळं करायला 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते त्याच्याच योजनेतले. संस्थेला भायखळा पुरेना, तेव्हा ती 1923 साली या नव्या वस्तीत आली. ट्राम 1907 पासून विजेवर चालते, त्यामुळे दादरपर्यंत या वेळी लीद नाही.

दादरहून पुढे चाला. रुईया कॉलेज नाही, पोदार नाही, खालसा नाही, डॉन बॉस्को नाही. आखलेले रस्ते आणि मोकळ्या जागा तेवढ्या आहेत. त्यात ही नवी दगडी इमारत आणि मागे वर्कशॉपच्या शेड. आगगाडी अजून वाफेवरच धावते. विजेची पहिली लोकल व्ही. टी.हून कुर्ल्याला सुटेल 3 फेब्रुवारी 1925 ला. म्हणजे विजेची विद्या शिकून पोरं बाहेर पडताहेत आणि घरी जाताना डोळ्यांत कोळशाचे कण घालून घेताहेत. नावापुढे इंजिनिअरिंगचं एल. एम. ई. लागलं की मुलीच्या बापाला चौकशीला घरी यावंसं वाटतं, असे हे दिवस.

1933 साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तो यू. डी. सी. टी.; दहा वर्षांनी तोही इथे शेजारी येऊन बसला. गिरगावातल्या खेतवाडीत वाढलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर त्याच फाटकातून आत गेले. तो विभाग आता आय. सी. टी. या नावाने स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि त्याच्यासाठी वेगळी सहल काढावी लागेल.

आज थांबायचं ते 1960 मध्ये, व्हीजेच्या फिटिंग शॉपमध्ये. सदऱ्याच्या बाह्या वर करा. शिकाऊ इंजिनिअरच्या हातात पहिल्यांदा यंत्र देत नाहीत, कानस देतात. पोलादाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासून त्याची बाजू सपाट करायची, मग तिला काटकोनात दुसरी. ऐकायला पोरखेळ वाटतो. थोड्या वेळाने तळव्याला फोड येतो आणि खांदा बोलू लागतो. कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना नाही. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि हातात उतरायला आठवडे जातात. दोन्ही हातांचा जोर सारखा पडला नाही की बाजू मध्ये फुगते. मग तुकड्याला गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसवर. इन्स्ट्रक्टर काही बोलत नाहीत, नुसता तुकडा तुमच्या हातात ठेवून पुढच्या टेबलाकडे जातात. शाळा-कॉलेजात पहिल्या नंबरात आलेल्यांचा अहंकार याच शेडमध्ये उतरतो, आणि भल्याभल्यांना अजूनही पटत नाही की यात त्यांचं काही भलं झालं.

याच काळात इथे मेकॅनिकलला अनिल काकोडकर आहेत. 1963 ला पदवी घेऊन ते तुर्भ्याच्या अणुकेंद्रात जातील आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होतील. भायखळ्यात अनुत्तरित राहिलेल्या खुर्चीच्या प्रश्नाचं उत्तर काही अंशी इथे मिळतं. काही अंशी म्हणतो ते मुद्दाम. लालबागच्या चाळीतून इथवरचं अंतर चालत जाण्याजोगं आहे. पण साच्यावर उभ्या बापाच्या किती पोरांनी ते कापलं?

18 जानेवारी 1982. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या तारखेला टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षात जाऊन बसा. फळ्यावर विणीचा आराखडा तोच, मास्तर शिकवताहेत तेही तेच. पण ज्या गिरणीत शिकाऊ म्हणून जायचं तिच्या फाटकाला कुलूप. संप कधी रीतसर मिटलाच नाही. कापड काही संपलं नाही. ते भिवंडीला, इचलकरंजीला, सुरतेला गेलं, आणि पदवीधरांनाही तिकडेच जावं लागलं. परळ-लालबागच्या कामगाराला मात्र जायला जागा नव्हती. पदवीला बदलीचं गाव असतं, साच्यावरच्या हाताला क्वचितच.

आता आपल्या सालात या. 1997 पासून संस्थेचं नाव वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट आहे. भायखळ्याला हिच्या शेजारी असलेली राणीची बाग, म्हणजे व्हिक्टोरिया गार्डन, तीही जिजाबाईंच्याच नावाची झाली, म्हणजे शेजार सुटला तरी नातं सुटलं नाही. पोरांना याचं काही नाही, ती तेव्हाही व्हीजेच म्हणत आणि आताही व्हीजेच. कट्ट्यावरची चर्चा सबमिशन, व्हायवा आणि प्लेसमेंटची. कॉम्प्युटरला जागा कमी, रांग मोठी. टेक्स्टाइल अजून शिकवतात.

चार सालं मोकळेपणाने फिरलेल्या तुम्हाला पहिल्यांदा अडवतील ते इथे. फाटकावरचा सुरक्षारक्षक ओळखपत्र मागेल, आणि तो बरोबरच आहे. बाहेरच्याला शिरायचं तर टेक्नोव्हान्झा या तंत्रमहोत्सवाचे दिवस त्यातल्या त्यात बरे.

नाही जमलं तर माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायकांच्या उडुपीत या. 1942 पासूनची खानावळ आहे, रांग असतेच. केळीच्या पानावर शेजारी कुणी पिकल्या केसांचे व्हीजेवाले बसले असतील तर बॅच विचारू नका, खातं विचारा. टेक्स्टाइल म्हणाले तर रस्सम थंड होईपर्यंत उठता येणार नाही. लोअर परळला गिरणीच्या जागी झालेल्या फिनिक्स मॉलमध्ये तयार कपड्यांचं दुकान आहे तिथे पूर्वी कुठलं खातं होतं, हे ते बोटाने टेबलावर आखून दाखवतील. सरकत्या जिन्याचा आवाज कशाने येतो, तेही सांगतील.