डेटा : दिलेला की घेतलेला?

'डेटा' हा शब्द मी दिवसातून शंभरदा तरी उच्चारत असेन. 'विदा' हा त्याचा मराठी प्रतिशब्द थोडाफार रुळलाही आहे. मूळ लॅटिन अर्थ मात्र अगदी घरगुती आहे : दिलेल्या गोष्टी. 'दारे' म्हणजे देणे, 'दातुम' म्हणजे दिलेलं आणि 'दाता' हे त्याचं अनेकवचन. संस्कृतातल्या 'दा' धातूचं हे भाऊबंद. गंमत म्हणजे आपला दाता देणारा, तर लॅटिनमधला दाता दिलेला!

रोमन लोक पत्र जासुदाच्या हाती कुठे आणि कधी दिलं, हे पत्राखाली लिहीत. त्यात हाच शब्द येई. इंग्रजीतली 'डेट' तिथलीच.

गणितात तो आला युक्लिडमुळे. अमुक दिलं असेल तर त्यावरून आणखी काय ठरतं, याचा विचार करणारा त्याचा 'देदोमेना' हा ग्रंथ लॅटिनमध्ये 'दाता' झाला. मराठी माध्यमातून भूमिती शिकलेल्यांना 'पक्ष, साध्य, सिद्धता' आठवत असेल. त्यातला पक्ष म्हणजे हा डेटा. तो सिद्ध करायचा नसतो, मानून पुढे जायचं असतं.

सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुजला तोही याच अर्थाने. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्याने कूस बदलली. प्रयोगातून, निरीक्षणातून, मोजणीतून जे हाती येतं, त्याला डेटा म्हणू लागले. आधी जे गृहीत धरायचं, ते आता खटपटीने मिळवायचं झालं. नाव तेच राहिलं. आणि माझ्या मते जुन्या अर्थातला 'यावर वाद नको' हा रुबाबही त्याला चिकटून राहिला. बैठकीत कुणी 'डेटा असं सांगतो' म्हणालं की सगळे गप्प होतात, ते उगाच नाही.

जोहाना ड्रकर या अभ्यासिकेने २०११ साली 'डेटा'ऐवजी 'काप्टा', म्हणजे 'घेतलेलं', या शब्दाचा आग्रह धरला. आपल्या धर्मशास्त्रांनी तर मुलांबाबत हा हिशेब बारकाईने मांडला होता : आईबापांनी दिलेला तो दत्तक, विकत घेतलेला क्रीत, स्वतःहून आलेला स्वयंदत्त, टाकून दिलेला उचलला तर अपविद्ध.

फोन खिशात ठेवून फिरणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा सतत नोंदला जातो, तो यातला कोणता? आमच्या तक्त्यांत 'संमती' नावाचा एक रकाना असतो. त्यात फक्त 'हो' किंवा 'नाही' मावतं.