नळाचं पाणी, राजमा आणि बाविसावं गुणसूत्र

आमच्या प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलांना आल्या आल्या सिक्वेन्सिंगचं यंत्र बघायचं असतं. मी त्यांना आधी स्लाइड करायला बसवते. पावसाळ्यात स्लाइड लवकर वाळत नाही, गुणसूत्रं वाजवीपेक्षा जास्त पसरतात. हे हातानं केल्याशिवाय कळत नाही. आणि कर्करोगाशी नेमानं जोडलेला जनुकीय बदल माणसाला पहिल्यांदा दिसला, तो स्लाइडवरच.

फिलाडेल्फियात पीटर नॉवेल ल्युकेमियाच्या पेशी वाढवत होते. रंग देण्याआधी त्यांनी स्लाइड नळाच्या पाण्यानं धुतल्या. पाणी आत शिरून पेशी फुगल्या आणि गुंतलेली गुणसूत्रं सुटी झाली. नॉवेल गुणसूत्रांचे जाणकार नव्हते. ती नजर डेव्हिड हंगरफर्ड यांची. १९६० साली दोघांनी जाहीर केलं की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात एक गुणसूत्र फारच आखूड असतं. राजम्याच्या अर्कानं रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी विभागू लागतात, हेही नॉवेल यांनी त्याच वर्षी दाखवलं. तो अर्क आजही आमच्या फ्रीजमध्ये असतो.

पण त्या आखूड गुणसूत्राचा तुटलेला तुकडा गेला कुठे? शिकागोच्या जॅनेट राउली गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी रंगपद्धत ऑक्सफर्डला शिकून आल्या होत्या. फोटोतली गुणसूत्रं कात्रीनं कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जोड्या लावत बसत. १९७२ मध्ये त्यांना दिसलं की त्या आखूड, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्याला चिकटलाय. मला हे काम सगळ्यात मोठं वाटतं. दोन्ही टोकं कळली, म्हणून तर पुढे तिथली बीसीआर आणि एबीएल ही जनुकं सापडली आणि ती जोडली जाऊन बनणारं प्रथिन रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली रुग्णांच्या हाती आली.

गोळी लागू पडली, की स्लाइडवर आम्ही मोजतो त्या वीस पेशींत आखूड गुणसूत्र दिसतच नाही. पीसीआर ही चाचणी मात्र त्या जोडजनुकाचा आरएनए मोजून लाखभर पेशींतली एक रोगट पेशी हुडकते. तिथेही अडचण साध्याच गोष्टींची होती. रक्त पोचायला उशीर झाला की त्यातला आरएनए खराब होतो. शिवाय एकाच रक्ताचा आकडा दोन प्रयोगशाळांत वेगळा यायचा. मग आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरली. तिच्यावर ०.१ टक्का म्हणजे गोळी चांगली लागू पडल्याची खूण. रुग्णानं गाव बदललं तरी नव्या डॉक्टरांना जुना अहवाल वाचता येतो, आणि आकडा चढू लागला तर गोळी बदलायचा विचार वेळेत करता येतो.