दोराच्या दुसऱ्या टोकाचा इतिहास

१/१४
क्लाइंबिंग जिममध्ये नवख्याला लगेच भिंतीवर सोडत नाहीत. आधी गाठ बांधून दाखवावी लागते, मग दोर धरून दाखवावा लागतो. शेजारी पाटी असते: जोडीदाराची गाठ तपासा, दोर धरणाऱ्याचे लक्ष विचलित करू नका, चढणाऱ्याच्या खाली उभे राहू नका. या साध्या ओळी रूढ व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या प्रवासाचा हा धागा. 🧵

२/१४
आधी दोराविषयी. १६७० मध्ये मावळे दोरावरून सिंहगड चढले आणि तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, ही परंपरागत कथा सर्वपरिचित आहे. तो दोर चढण्याचा होता. आधुनिक प्रस्तरारोहणात मात्र चढायचे ते हातापायांच्या बळावर; दोर पडणाऱ्याला अडवण्यापुरता. म्हणूनच त्याच्या दुसऱ्या टोकाला एक सावध माणूस लागतो. या कामाला म्हणतात बिले, आणि ते करणाऱ्याला बिलेअर.

३/१४
१४ जुलै १८६५. आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून एडवर्ड व्हिंपर यांची सात जणांची तुकडी उतरत होती. सातही जण एकाच माळेत बांधलेले. अननुभवी हॅडोचा पाय घसरला आणि तो वाटाड्या मिशेल क्रोवर आदळला. त्यांच्यामागोमाग हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लसही खेचले गेले. डग्लस आणि थोरले पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे दरीत गेले, तिघे वाचले.

४/१४
टाउगवाल्डर यांनी जीव वाचवण्यासाठी दोर कापला, अशी कुजबुज झाली. चौकशीत ते निर्दोष ठरले. पण एक बाब व्हिंपर यांना हादरवून गेली: तुकडीजवळ मजबूत दोर असतानाही नेमक्या त्या दोघांमध्ये सर्वांत कमकुवत दोर बांधला गेला होता. उतरण्यापूर्वी ते कोणी तपासले नव्हते. तो तुटलेला दोर झेरमॅटच्या संग्रहालयात आजही पाहता येतो.

५/१४
त्यानंतरही कित्येक दशके गिर्यारोहणाचा मूलमंत्र एकच राहिला: आघाडीच्या आरोहकाने पडायचेच नाही. यामागे कारण होते. तागासारख्या वनस्पतिजन्य धाग्यांचा दोर फारसा ताणला जात नसे. पडणाऱ्याला तो एकदम अडवी. त्या हिसक्याने एक तर दोर तुटे, नाही तर थेट कमरेला बांधलेल्या त्या दोराने शरीराला जबर इजा होई.

६/१४
१९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रिचर्ड लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलट बाजूने हाताळला. शहरातल्याच लहान खडकांवर ते मुद्दाम पडत आणि एकमेकांना अडवण्याचा सराव करीत. दोर घट्ट न आवळता थोडा सरकू दिला की हिसका कमी होतो, हे त्यांनी दाखवले. पडणाऱ्याला अडवणे हे शिकण्याजोगे कौशल्य ठरले. जिममधल्या प्रवेशपरीक्षेचे बीज इथे आहे.

७/१४
दुसऱ्या महायुद्धात नायलॉनचा दोर आला. तो ताणला जाऊन पडण्याची ऊर्जा शोषून घेतो. युद्धकाळात लष्करासाठी दोरांच्या कामात असलेल्या लिओनार्ड यांनी आर्नल्ड वेक्सलर यांच्यासह १९४६ मध्ये बिलेचे गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. पडणे हा आता खेळाचा गृहीत धरलेला भाग होऊ लागला.

८/१४
या बदलाचा परिणाम खोल होता. पूर्वी आरोहकाचा जीव मुख्यतः त्याच्याच हातापायांत होता. आता तो बिलेअरच्या हातात आला. पुढे कमरेच्या दोराऐवजी हार्नेस आले, पाठीभोवती दोर घेण्याऐवजी बिलेची उपकरणे आली आणि १९९१ मध्ये झटका बसताच दोर आवळणारे पेट्झल कंपनीचे ग्रिग्री आले. तरीही खालच्या दोरावरचा हात क्षणभरही सोडू नये, हा नियम कायम राहिला.

९/१४
मग डोंगर घरात आला. १९६४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी एका मार्गिकेच्या भिंतीत दगड बसवून चढाईची भिंत तयार केली. पावसाळी हवेतही वर्षभर सराव होऊ लागला. १९८७ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथे ‘व्हर्टिकल क्लब’ हे व्यावसायिक जिम उघडले.

१०/१४
क्लबांमध्ये नवखा माणूस जाणत्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकत असे; नियम तोंडी असले तरी भागत असे. जिममध्ये मात्र पैसे भरून कोणीही येऊ शकतो आणि कालपर्यंत अनोळखी असलेल्याच्या हाती आपला जीव सोपवतो. ओळखीच्या जागी पाटी, अर्ज आणि परीक्षा आली ती यामुळे.

११/१४
पण हे नियम केवळ नवख्यांसाठी आहेत का? मे १९८९. फ्रान्समधील ब्यूक्स येथील कडा. जगातील अग्रगण्य आरोहक लिन हिल यांनी हार्नेसमधून दोर ओवला, मध्येच लक्ष बुटांकडे गेले आणि गाठ अर्धवट राहिली. अंगावरच्या जाकिटाने ती झाकली गेली. त्या मार्ग पूर्ण चढल्या, उतरण्यासाठी दोरावर भार टाकला आणि ७० फुटांहून अधिक उंचीवरून कोसळल्या.

१२/१४
झाडाच्या फांद्यांनी वेग मोडला. निखळलेले कोपर आणि पायाच्या दुखापतीवर निभावले. १९९३ मध्ये त्यांनीच एल कॅपिटनवरचा ‘द नोज’ हा मार्ग सर्वप्रथम केवळ हातापायांच्या बळावर चढून दाखवला. अशा आरोहकाचीही गाठ राहू शकते. सवयीचे हात चालत असताना मन दुसरीकडे असते. ती चूक दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसते. ‘जोडीदाराची गाठ तपासा’ यात अविश्वास नाही, तो एकमेकांप्रतीचा आदर आहे.

१३/१४
काही संकेत जिवाचे नसून मनाचे असतात. न विचारता कोणाला ‘बीटा’, म्हणजे मार्गाची उकल, सांगू नये. हा शब्द जुन्या बीटामॅक्स व्हिडिओ टेपवरून आला असे मानले जाते. पहिल्याच प्रयत्नात, काहीही माहिती नसताना मार्ग चढणे या खेळात विशेष मानाचे असते. सांगितलेली उकल परत घेता येत नाही. समोरच्याची ती संधी कायमची जाते.

१४/१४
आज अनेक जिममध्ये स्वयंचलित बिले यंत्रे आहेत. तिथे जोडीदार नाही, आणि म्हणून दोर अडकवायला विसरलात तर टोकणाराही नाही. यावर उपाय म्हणून अनेक जिम मार्गाच्या पायथ्याशी एक मोठे रंगीत कापड आडवे लावतात; ते बाजूला केल्याशिवाय चढताच येत नाही. एकेकाळी जे काम सोबत्याचे डोळे करीत, ते आता कापडाकडे आले आहे. सोबती असेल तर मात्र चढण्यापूर्वी त्याला गाठ दाखवावी, आणि त्याची आपण पाहावी.